बटाट्याच्या बेण्याचा प्रवास

बटाट्याची लागवड बेण्याने होते. डोळे असलेला अख्खा कंद किंवा त्याची फोड सरीत ठेवली की कोंब फुटतात आणि जमिनीखालच्या खोडांची टोके फुगून नवे कंद धरतात. बटाटा हे मूळ नसून खोड आहे. त्याला भुसभुशीत जमीन आणि मातीची भर लागते. उघडा पडलेला कंद उन्हाने हिरवा व विषारी होतो. मूळ घर अँडीज पर्वतातले, त्यामुळे थंड रात्र हवीच. तापमान २० अंशांच्या आसपास असले की कंद चांगला पोसतो, ३० अंशांवर पोसणे जवळजवळ थांबते.

पोर्तुगिजांबरोबर भारतात आलेल्या या पिकाने मैदानी मुलखात म्हणूनच हिवाळा धरला. पीक जमले, बेणे मात्र टिकेना. मावा ही कीड एका झाडाचा विषाणू दुसऱ्याला देते, तो कंदात उतरतो आणि दरवर्षी उतारा घटत जातो. त्यात उन्हाळ्यातली साठवण अवघड. त्यामुळे बेणे युरोपातून मागवले जाई. १९०६ साली इटलीहून मुंबई इलाख्यात आलेल्या बेण्याबरोबर बटाट्यावरील पतंगही उतरला. तो डोळ्यांजवळ अंडी घालतो, अळी कंद पोखरते. दख्खनच्या साठवणीतून तो पुढे कधी हटलाच नाही. परदेशी बेण्याची ही किंमत पावतीवर नव्हती.

१९४९ मध्ये पाटण्याला केंद्रीय बटाटा संशोधन संस्था निघाली आणि १९५६ मध्ये ती शिमल्याला गेली. स्थलांतराला कारण होते: लांब दिवस आणि गारवा असलेल्या डोंगरात बटाटा फुलतो, बी धरतो, आणि संकर करायचा तर फूल हवेच. जवळच्या कुफ्री गावाचे नाव वाणांना मिळाले. ‘कुफ्री ज्योती’ १९६८ चा. पण डोंगरातले बेणे मैदानात चालेना. ते निघते तेव्हा सुप्तावस्थेत असते आणि मैदानातली लागवड तर लगेच ऑक्टोबरात असते.

खरा तोडगा साधा निघाला, आणि नव्या वाणांपेक्षा त्याचेच श्रेय मोठे. उत्तरेच्या मैदानात ऑक्टोबर ते डिसेंबर मावा फार कमी असतो. बटाटा शास्त्रज्ञ डॉ. पुष्करनाथ यांच्या काळात संस्थेने ठरवले की निरोगी बेणे तेव्हाच वाढवायचे, मावा वाढण्याआधी, डिसेंबरअखेर ते जानेवारीच्या सुरुवातीस पाला कापून टाकायचा, साल पक्की झाल्यावर काढणी करायची आणि पुढच्या हंगामापर्यंत बेणे शीतगृहात ठेवायचे. पंजाब बेण्याचे आगर झाला तो यामुळे.

पुणे जिल्ह्यातल्या सातगाव पठारावर बटाटा पावसावर, खरिपात घेतात. उंचीमुळे हवा तेवढा गारवा मिळतो, पण माव्यापासून मोकळा असा लांब हिवाळा तिथे नाही. म्हणून बेणे पंजाबातूनच येते.