पाळी सुटली की सिडको जेवते

देवळ्याहून सुटलेली एसटी भावडबारी ओलांडते, तेव्हा ऊन अजून कोवळे असते. साल 1988, जून महिना. तुम्ही वीस-एकवीस वर्षांचे आहात. आयटीआयचा फिटरचा कोर्स झाला आहे आणि नाशिकजवळच्या अंबड एमआयडीसीत एका कारखान्याने तुम्हाला अप्रेंटिस म्हणून घेतले आहे. पायाशी पत्र्याची पेटी. तिच्यात दोन जोड कपडे, बाजरीचे पीठ, शेंगदाण्याची चटणी आणि आईने भाजून-कुटून दिलेला काळा मसाला. पेटीला कुलूप आहे, पण मसाल्याचा वास कुलूप मानत नाही. पुढच्या बाकावरची बाई मागे वळून विचारते, "घरचा का हो?" तुम्ही मान हलवता.

गाडी सुटण्यापूर्वी तुम्ही देवळ्याच्या पाचकंदील चौकात चहा घेतला आणि कागदाच्या पुडीत भेळभत्ता बांधून घेतला. आतापर्यंत बाहेरचे खाणे म्हणजे एवढेच होते: बाजाराच्या दिवशी भत्ता, गोडी शेव, पाऊस असला तर गरम भजी. हॉटेलात बसून जेवायची वेळ कधी आली नाही. देवळा अजून तालुक्याचे गावही झालेले नाही. ते 1999 मध्ये होईल. आज कचेरीचे काम निघाले की कळवण गाठावे लागते.

चांदवड येते. दीड वर्षापूर्वी, नोव्हेंबर 1986 मध्ये, येथेच शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन भरले होते. आई गावातल्या बायकांबरोबर ट्रॉलीत बसून आली होती आणि परतल्यावर कितीतरी दिवस कांद्याच्या भावावर बोलत होती. कांद्याचा तो भावच तुम्हाला आज या गाडीत बसवतो आहे. चार एकरांत दोन भावांचे संसार उभे राहणार नाहीत, हे घरात कोणी बोलून दाखवले नाही, पण सगळ्यांना माहीत आहे. पुढे वडाळीभोई, पिंपळगाव, ओझर. मग नाशिक.

सीबीएस बसस्थानकावर उतरून तुम्ही शहर बस धरता. तीही एसटीचीच. त्रिमूर्ती चौकात उतरलात की पहिल्या दिवशी हमखास रस्ता चुकतो, कारण सिडकोची सगळी घरे सारखी दिसतात. मुंबईजवळ नवे शहर वसवण्यासाठी 1970 मध्ये सिडको स्थापन झाली. पुढे तिने नाशिकच्या या माळावर सातपूर आणि अंबडच्या कामगारांसाठी टप्प्याटप्प्याने सहा योजना उभ्या केल्या. लोक पत्ता तसाच सांगतात: "चौथी स्कीम, पाण्याच्या टाकीमागे." तुमच्या गावच्या ओळखीच्या माणसाने मागची खोली तुम्हाला आणि आणखी दोघांना भाड्याने दिली आहे. खोलीत स्टोव्ह पेटवायचा नाही, ही अट आहे.

म्हणजे बाजरीच्या पिठाचे काय करायचे, हा पहिला प्रश्न.

त्याचे उत्तर तीन गल्ल्या सोडून राहणाऱ्या मावशींकडे आहे. त्यांचे यजमान सातपूरला मशीनवर आहेत. एक खोली आणि स्वयंपाकघर एवढ्या जागेत त्या दहा-बारा मुलांची मेस चालवतात. बाहेर पाटी नाही. दारासमोर लावलेल्या सायकली हीच पाटी. तुम्ही पिठाचा डबा पुढे करता. त्या चिमूटभर पीठ बोटांत चोळून बघतात आणि विचारतात, "आईनं दिलं का रे? ठेव. रात्रीला भाकरी करते, पण सगळ्यांना वाटून." त्या रात्री डाळ, वांग्याची भाजी आणि तुमच्या शेतातल्या बाजरीची भाकरी दहा अनोळखी मुले खातात. जेवण संपेपर्यंत त्यांतला कोण निफाडचा, कोण साक्रीचा, कोण अमळनेरचा, हे तुम्हाला कळलेले असते.

मावशींचा हिशेब महिन्याच्या एक तारखेला होत नाही, सात तारखेला होतो. हजाराच्या आत कामगार असलेल्या कारखान्याने पगार सात तारखेपर्यंत दिलाच पाहिजे, असे 1936 चा वेतन कायदा सांगतो. तो कायदा मावशींनी वाचलेला नाही, पण त्यांचा किराणा, त्यांचे रॉकेल आणि तुमची पोळी त्याच तारखेवर चालते. रविवारी दुपारी फीस्ट: मसालेभात, गोड काहीतरी, कधी कधी चिकन. रविवारी रात्री मेस बंद. त्या एका रात्रीने तुम्हाला सिडको दाखवली असे म्हणायला हरकत नाही, कारण उपाशी माणूस जितक्या गल्ल्या फिरतो तितक्या दुसरे कोणी फिरत नाही.

पण आधी कारखाना. सकाळची पाळी सातला, दुसरी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. तुमच्या कंपनीत शंभराच्या आसपास माणसे. पलीकडच्या मोठ्या कंपनीत कॅन्टीन आहे. तिथले लोक नाममात्र पैशांत ताट घेतात आणि तुम्ही कुंपणातून बघता. असे का, हे एक जुना ऑपरेटर तुम्हाला समजावतो. 1948 च्या कारखाने कायद्याचे कलम 46: अडीचशेहून जास्त कामगार असतील तर सरकार मालकाला कॅन्टीन काढायला लावू शकते. त्याच्या आत असाल तर तुमची भूक तुमची. अंबडमध्ये बहुतेक कारखाने लहान. म्हणून गेटाबाहेर टपऱ्या.

मला विचाराल तर नाशिकच्या खाण्याचा इतिहास लिहिणाऱ्याने या अडीचशेच्या आकड्यापासून सुरुवात करावी. सिडकोच्या नकाशावर शाळेला जागा होती, बागेला होती, दुकानांच्या गाळ्यांना होती. रात्री बाराला सुटलेल्या माणसाच्या भुकेला जागा नव्हती. ती जागा लोकांनी करून घेतली. कोणी घरापुढच्या मोकळ्या पट्टीवर पत्रे टाकले, कोणी पुढची खोली रस्त्याकडे उघडली. त्या वाढीव बांधकामांवर पुढे कितीतरी वर्षे नोटिसा निघत राहिल्या, वाद होत राहिले. नियमाच्या बाजूने बोलण्यासारखे पुष्कळ आहे, हे मान्य. पण त्याच पत्र्यांखाली हजारो मुलांची पोटे भरली, हेही तितकेच खरे.

ऑगस्टमध्ये तुम्हाला पहिल्यांदा रात्रपाळी लागते. सकाळी सातला बाहेर पडता तेव्हा डोळे चुरचुरत असतात, अंगाला कूलंटचा वास असतो आणि पाऊस लागलेला असतो. गेटापासून शंभर पावलांवर ताडपत्रीखाली मिसळीची गाडी. मालक पहाटे चारपासून उभा आहे. कांदा आणि सुके खोबरे त्याने काळेभोर होईपर्यंत भाजले आहे. सोनेरी झाले की थांबणे त्याला मान्य नाही, आणखी दोन मिनिटे तो ते तव्यावर ठेवतो, कडू व्हायच्या अगदी अलीकडे. मग लवंग, दालचिनी, धणे, तीळ, लसूण घालून वाटण. पातेल्यात ते तेल सोडू लागले की वर तांबडी-काळी तर्री चढते. खोलगट डिशमध्ये मटकीची उसळ, वर शेव, कांदा, कोथिंबीर, लिंबाची फोड. बाजूला दोन पाव आणि भाजलेला पापड. रश्श्याची वाटी वेगळी, आणि ती रिकामी झाली की तो न विचारता भरतो.

पहिल्या घासाला नाकातून पाणी येते. दुसऱ्या घासाला तुम्हाला कळते की ही चव परकी नाही; पेटीतल्या आईच्या मसाल्याची ही चुलत बहीण आहे, जरा जास्त धीट. पावसात उभे राहून तुम्ही दोन डिश खाता. बाकावर शेजारी बसलेला सुपरवायझर, जो आत तुमच्याशी एक शब्द बोलत नाही, पापड मोडून अर्धा तुमच्या डिशमध्ये टाकतो. जेवायला बसले की इथे हुद्दा राहत नाही. ही मिसळ इतकी जहाल का, याचे उत्तरही त्या बाकावरच आहे. रात्रभर मशीनवर जागलेल्या माणसाच्या जिभेला सौम्य काही जाणवतच नाही.

आता त्या रविवारच्या रात्रीकडे. पवननगरच्या भाजीबाजारामागे एका घराच्या पुढच्या खोलीत चार टेबले मांडलेली आहेत. आत एक काका मोठ्या कढईत काहीतरी परततात. दारातच ठसका बसतो. तुम्ही घुटमळता, कारण खिशात सुट्टे पैसे मोजकेच आहेत.

"कोणता गावना रे भाऊ?" आतून आवाज येतो.

तीन महिन्यांत अहिराणी कोणी तुमच्याशी बोललेले नाही. कंपनीत सगळे पुस्तकी मराठी किंवा मोडकी हिंदी बोलतात, आणि तुम्हीही तुमची बोली पेटीत ठेवून दिली आहे.

"देवळाना," तुम्ही म्हणता.

"मंग आपलाच शे. बस."

समोर शेवभाजी येते. रस्सा उकळता, आणि लसूण-ओव्याची जाड तिखट शेव वेगळ्या ताटलीत. काका दटावतात: शेव आधी टाकू नको, घास घ्यायच्या वेळी टाक. बाजरीची भाकरी चुरून, कच्चा कांदा बुक्कीने फोडून तुम्ही जेवता. पैसे देताना ते म्हणतात, सात तारखेला दे. तुमची ओळख एका गावाच्या नावापलीकडे त्यांना नाही. कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा या चार गावांच्या आद्याक्षरांवरून आमच्या भागाला कसमादे म्हणतात. त्या नावावर शहरात उधारी मिळते, हे तुम्हाला त्या रात्री समजते.

तिथून पुढे महिने भराभर जातात. पगाराच्या रविवारी तुम्ही मित्रांबरोबर जुन्या नाशकात उतरता, विजयानंदला सिनेमा बघता, बुधा हलवायाची जिलेबी खाता, गावी न्यायला कोंडाजीचा चिवडा बांधून घेता. ऑक्टोबरात दूरदर्शनवर 'महाभारत' सुरू होते आणि रविवारी सकाळी मिसळवाला गाडी तासभर बंद ठेवतो, कारण गिऱ्हाईकच नसते. थंडी पडली की खानदेशातून हिरवट पांढरी, भरताची वांगी येतात. खोलीतली मुले सुट्टीच्या दिवशी मोकळ्या प्लॉटवर तुराट्या पेटवून ती भाजतात, लाकडी बडगीत मिरची-लसणाबरोबर ठेचतात आणि शेजारच्या वहिनी कळण्याच्या भाकरी करून पाठवतात. शहराच्या मधोमध शेताचा धूर होतो. कोणी तक्रार करत नाही. वास आला की माणसे ताटली घेऊन येतात.

पुढच्या थांब्यावर उतरा: 1991, सिंहस्थाचे वर्ष. तुम्ही पर्मनंट झाला आहात, लग्न झाले आहे, सिडकोचे एक छोटे घर हप्त्याने घेतले आहे. गोदावरीच्या स्नानासाठी गावाकडची माणसे येतात आणि तुमच्या दोन खोल्यांत दाटीवाटीने मुक्काम करतात. आईला तुम्ही मावशींकडे नेता. दोघी पहिल्याच भेटीत मसाल्यात तीळ किती घालायचे यावरून भांडतात आणि निघताना आई आपला डबा त्यांच्याकडे ठेवून येते. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, तुमची पत्नी खापरावर मांडे करते. गल्लीतल्या धुळ्याच्या, पारोळ्याच्या बायका जमतात. हातावर पसरवलेला तो तलम मांडा खापरावर उलटा पडतो, तेव्हा शेजारची कोकणातली मुले तोंड उघडे टाकून बघत राहतात. हेच कसब नंतर कितीतरी बायकांचा धंदा झाले. मांड्यांची ऑर्डर आज घरबसल्या जाते.

मधली वर्षे मी वगळतो. 2013 मध्ये महामार्गावर उड्डाणपूल आला आणि सिडको-अंबडची वाहने डोक्यावरून जाऊ लागली. 2021 मध्ये एसटीची शहर बस गेली, महापालिकेची सिटीलिंक आली. नाशिकची मिसळ आता प्रसिद्ध आहे. सातपूरची श्यामसुंदर, पंचवटीतली अंबिका, चुलीवरची साधना ही नावे पुण्या-मुंबईचे लोक पत्त्यासकट सांगतात. गंगापूर रोडकडे द्राक्षमळ्यांच्या कडेला हिरवळीवर बसून मिसळ मिळते, मुलांना झोके असतात, शेवटी जिलेबी येते. मला त्याचा आनंद आहे. टपरीवरच्या पदार्थाला मानाचे पान मिळाले. फक्त तिथे बसून काळा रस्सा ओरपताना कोणी तरी मुलांना सांगावे की ही चव सुट्टीच्या सकाळी जन्मलेली नाही, पाळी सुटल्यावर जन्मलेली आहे.

देवळ्याहून आजही मुले येतात. ती फोनवर तारे मोजून हॉटेल निवडतात आणि त्यात वावगे काही नाही. तुमच्या ओळखीचे असे कोणी या जूनमध्ये सिडकोत राहायला आले, तर त्याला दोन वेळा सांगून ठेवा. मिसळीसाठी सकाळी सात ते साडेआठ, अंबडच्या लहान कारखान्यांच्या गेटांकडे, रात्रपाळीची माणसे बाहेर पडतात तेव्हा. जिथे मळलेल्या कपड्यांतली माणसे उभी राहून खातात ती गाडी निवडायची, आणि रस्सा दुसऱ्यांदा मागायला लाजायचे नाही. शेवभाजीसाठी रात्री नऊनंतर पवननगर, उत्तमनगरच्या गल्ल्या. शेव वेगळी मागायची. आणि गाव कोणते असे विचारले तर जिल्ह्याचे नाव सांगू नको म्हणावे, गावाचेच सांग.