व्हायोलिनला पिकअप जोडताना

गायकी अंगाने वाजवल्या जाणाऱ्या व्हायोलिनचे सौंदर्य स्वरांइतकेच दोन स्वरांमधल्या प्रवासात असते. गजाननबुवा जोशी, डी. के. दातार, एन. राजम् यांच्यासारख्या कलावंतांनी हे परदेशी वाद्य हिंदुस्थानी संगीतात रुजवले, ते त्यावरची मींड मानवी कंठाच्या इतकी जवळ जाते म्हणूनच. मात्र ही मींड मोठ्या मांडवात शेवटच्या रांगेपर्यंत पोचवायची तर ध्वनिवर्धनाला पर्याय नाही. समोर उभा केलेला ध्वनिक्षेपक शांत सभागृहात उत्तम काम करतो. परंतु शेजारी तबला, मागे तानपुरे आणि कलावंतासमोर मॉनिटर असला, की तो व्हायोलिनबरोबर इतर सारेच उचलतो. आवाज वाढवताच शिट्टी घुमू लागते. अशा वेळी हवे तेव्हा लावता आणि काढता येणारा पिकअप हा सोयीचा मार्ग ठरतो.

तरीही पिकअप लावून वाजवणाऱ्या अनेकांची तक्रार एकच असते : ‘आवाज मोठा झाला, पण पत्र्यासारखा झाला.’ हा दोष बहुधा एकट्या पिकअपचा नसतो. घोडीपासून ध्वनिवर्धकापर्यंतची साखळी कुठे तरी चुकीची जुळलेली असते. ही साखळी समजून घेतली तर खर्चही वाचतो आणि वाद्याचा स्वभावही टिकतो.

पिकअप नेमके काय ऐकतो?

व्हायोलिनची तार गजाने कंप पावते. तो कंप घोडी, म्हणजेच ब्रिज, वाद्याच्या पोटापर्यंत पोचवते आणि पोट व त्यातील हवा मिळून आपल्याला ऐकू येणारा ध्वनी निर्माण करतात. पोकळीतील हवेचा मुख्य अनुनाद सुमारे २७० ते २८० हर्ट्‌झच्या आसपास, तर लाकडाचे मुख्य अनुनाद साधारण ४०० ते ५५० हर्ट्‌झच्या पट्ट्यात असतात. वाद्याला ‘गोलाई’ येते ती यांच्यामुळे.

बहुतेक पिकअप दाबविद्युत तत्त्वावर चालतात. काही स्फटिकांवर दाब दिला असता विद्युत्‌भार निर्माण होतो, हे जाक आणि पिएर क्युरी या बंधूंनी १८८० मध्ये दाखवून दिले. त्याच गुणधर्माचे छोटे सिरॅमिक तुकडे आज पिकअपमध्ये वापरले जातात. पिकअप घोडीवर बसतो आणि घोडीचा कंप विजेत रूपांतरित करतो. येथेच मूळ मेख आहे. श्रोत्याच्या कानावर येते ते व्हायोलिनचे पोट. पिकअपला ऐकू येते ती घोडी. त्यामुळे पिकअपचा आवाज स्वभावतः कोरडा, पुढे आलेला आणि गजाची खरखर जरा जास्त दाखवणारा असतो. तो ध्वनिक्षेपकासारखा लागणार नाही, ही अपेक्षा आधीच मनाशी बाळगावी.

निवड करताना

पिकअपची निवड करताना पहिला प्रश्न आवाजाचा नव्हे, वजनाचा विचारावा. व्हायोलिनची घोडी जेमतेम २ ते अडीच ग्रॅमची असते. तिच्यावर अर्धा-एक ग्रॅमचा भार आला तरी वाद्याचा स्वर दबू शकतो. पाश्चात्त्य वादक स्वर मुद्दाम मंद करण्यासाठी घोडीवर ‘म्यूट’ बसवतात, त्यामागचे तत्त्व हेच. म्हणून दुकानात पिकअप लावून आधी ध्वनिवर्धकाशिवाय वाजवून पाहावे. वरच्या तारेची चमक आणि खर्जाचा भरीवपणा पूर्वीइतका राहिला तरच पुढे जावे. वाद्यच मंदावले असेल, तर पुढची कोणतीही यंत्रणा ते परत आणू शकत नाही.

बाजारातील प्रकार ढोबळमानाने असे :

घोडीच्या खाचेत बसणारे : घोडीच्या दोन्ही बाजूंना ज्या अरुंद फटी असतात, त्यात हा छोटा तुकडा अडकवला जातो. फिशमनचे व्ही-१०० आणि व्ही-२०० हे याच जातीचे. तारा न उतरवता ते लावता-काढता येतात, म्हणून अधूनमधून मैफल करणाऱ्याला हा प्रकार सर्वांत सोयीचा. मात्र फट आणि पिकअप यांचे माप जुळले पाहिजे. सैल बसला तर खडखडतो, दाबून बसवला तर घोडी दुभंगू शकते.

घोडीच्या पायाखाली बसणारे : ‘द रियलिस्ट’ या प्रकारात तांब्याचा पातळ पत्रा घोडीच्या एका पायाखाली सरकवतात. यात पोटाचा कंपही काही अंशी येत असल्याने आवाज उबदार वाटतो. परंतु बसवण्यासाठी तारा सैल करून घोडी उचलावी लागते. सर्व तारांचा ताण एकदम गेला तर आतील साउंड पोस्टची दांडी पडण्याचा धोका असतो. म्हणून हे काम वाद्य दुरुस्त करणाऱ्या कारागिराकडूनच करून घ्यावे. तांत्रिकदृष्ट्या काढता येत असला, तरी दर मैफलीला काढण्याचा हा पिकअप नव्हे.

वाद्याला गुंडाळायचे : हेडवेचा ‘द बँड’ हा पट्ट्यासारखा वाद्याच्या अंगाभोवती बसतो. घोडीवर भार पडत नाही, हा त्याचा मोठा गुण.

चिकटवायचे : पुटीसारख्या मऊ पदार्थाने चिकटवायचे छोटे पिकअप स्वस्त असतात आणि प्रयोगाला बरे पडतात. परंतु जुन्या वाद्याच्या व्हार्निशवर ते लावू नयेत. उष्णतेने आणि घामाने मऊ झालेले व्हार्निश पुटीबरोबर निघून येऊ शकते, आणि एकदा गेलेले मूळ व्हार्निश परत मिळत नाही. लावायचेच असतील तर घोडीवर लावावेत.

ज्यांना पिकअपचा कोरडेपणा मुळीच रुचत नाही, त्यांच्यासाठी वाद्याला चिमट्याने बसणारा छोटा ध्वनिक्षेपक हा पर्याय आहे. डीपीएचा ४०९९ हा २००९ मध्ये आलेला ध्वनिक्षेपक त्यातला प्रसिद्ध. आवाज नैसर्गिक, पण किंमत बरीच जास्त आणि मोठ्या आवाजाच्या रंगमंचावर शिट्टीचा धोका पिकअपपेक्षा अधिक. त्याला मिक्सरकडून ४८ व्होल्टचा फँटम पुरवठाही लागतो.

‘पत्र्याच्या आवाजा’चे खरे कारण

दाबविद्युत पिकअपचा विद्युत्‌संरोध, ज्याला सर्रास इम्पिडन्स म्हणतात, फार मोठा असतो. तो ज्या यंत्राला जोडायचा त्याचा प्रवेश-संरोध त्याहून बराच मोठा हवा. किमान १ मेगाओहम, शक्य तर त्याहूनही अधिक. मिक्सरचा लाइन प्रवेश साधारण १० किलोओहमचा, तर माइकचा प्रवेश त्याहूनही कमी, दोन-एक किलोओहमचा असतो. पिकअप थेट तेथे जोडला की खालचे स्वर गळून पडतात.

एक हिशेब पाहू. पिकअपची धारिता १ नॅनोफॅरड धरली, तर १० किलोओहमच्या प्रवेशाला जोडल्यावर सुमारे १५,९०० हर्ट्‌झच्या खालचा सारा आवाज उतरू लागतो, आणि दर सप्तक खाली जाताना तो जवळपास निम्मा होत जातो. व्हायोलिनची जी तार १९६ हर्ट्‌झची. म्हणजे खर्ज जवळजवळ नाहीसा, आणि उरते ती गजाची किरकिर. तोच पिकअप १ मेगाओहमला जोडला तर ही सीमा सुमारे १६० हर्ट्‌झवर, म्हणजे जी तारेच्याही खाली जाते. पिकअप तोच, वाद्य तेच, वादकही तोच. फरक केवळ जोडणीचा.

यावर उपाय म्हणजे प्रीअँप. वाद्य आणि मिक्सर यांच्यामध्ये ठेवायची ही छोटी पेटी उच्च संरोधाचा संकेत घेऊन मिक्सरला पेलेल असा देते. अनेक सभागृहांत ‘डीआय बॉक्स’ उपलब्ध असतो, पण तो कोणत्या प्रकारचा आहे हे विचारून घ्यावे. वीज न लागणाऱ्या, रोहित्र असलेल्या साध्या डीआयचा संरोध साधारण १०० ते १५० किलोओहम असतो. गिटारच्या चुंबकीय पिकअपला तो चालतो, दाबविद्युत पिकअपला अपुरा पडतो. बॅटरीवर किंवा फँटमवर चालणारा ‘ॲक्टिव्ह’ डीआय मागावा. नियमित मैफली करणाऱ्याने स्वतःचा प्रीअँप बाळगणे श्रेयस्कर. पिकअप आणि प्रीअँप यांपैकी एकावरच अधिक खर्च करणे शक्य असेल, तर प्रीअँपकडे दुर्लक्ष करू नये.

पिकअपपासून प्रीअँपपर्यंतची वायरही आखूड ठेवावी. वायरची स्वतःची धारिता दर मीटरला सुमारे १०० पिकोफॅरड असते. वरील उदाहरणात १० मीटर वायर वापरली तर संकेताची पातळी निम्म्यावर येईल, शिवाय गुणगुण वाढेल ती वेगळीच. दोन-तीन मीटर पुरेत. लांबचा पल्ला प्रीअँपच्या पुढे, संतुलित वायरने गाठावा.

बैठकीत बसवताना

आपल्याकडील वादक मांडी घालून बसतो, व्हायोलिनचे डोके उजव्या पावलावर टेकते आणि तळ छातीशी किंवा खांद्याशी लागतो. बहुतेक पिकअप मात्र उभ्याने वाजवणाऱ्या पाश्चात्त्य वादकाला डोळ्यांसमोर ठेवून बनवलेले असतात. म्हणून तीन गोष्टी पाहाव्यात.

पहिली, वायरचे तोंड धरणारा जॅक. तो बहुधा चिनरेस्टसारख्या चिमट्याने वाद्याच्या कडेला बसतो. बैठकीत तो छातीला रुततो का, कुर्त्याच्या बटणाला घासतो का, हे बसूनच तपासावे. चिमट्याला वर-खाली बूच असावे आणि तो हलणार नाही इतपतच आवळावा.

दुसरी, वायरचा मार्ग. वायर मोकळी लोंबली तर तिचा प्रत्येक धक्का पिकअपला ऐकू जातो. जॅकजवळ एक सैल वळसा ठेवून ती टेलपीसला किंवा चिमट्याला हलकेच बांधावी आणि शरीराच्या डाव्या बाजूने मागे न्यावी. गजाच्या हाताकडे ती येता कामा नये.

तिसरी, पाय. वाद्य पावलावर टेकलेले असल्याने पायाने धरलेला ठेका थेट लाकडातून घोडीपर्यंत पोचतो. ध्वनिक्षेपकाला जो ठेका ऐकू येत नाही, तो पिकअपमधून ढोलासारखा घुमतो. प्रीअँपवरील ‘लो कट’ १२० ते १५० हर्ट्‌झच्या आसपास ठेवल्यास हा त्रास बराच कमी होतो. आपल्या षड्जाप्रमाणे तारा उतरवून मिळवल्या असतील तर ही सीमा खर्जाच्या तारेच्या खालीच राहील, याची खात्री करावी.

पिकअप बसवल्यावर चारही तारांवर सारख्या दाबाने गज ओढून पाहावा. पिकअप ज्या बाजूच्या फटीत आहे, त्या बाजूची तार अनेकदा मोठी लागते. तसे झाल्यास तो दुसऱ्या फटीत लावून पाहावा. त्यानंतर सावकाश, लांब मींड घ्यावी. सुटा स्वर कोणताही पिकअप बरा वाजवतो. त्याची खरी परीक्षा मींडेत होते. स्वरापासून स्वरापर्यंत जाताना मध्येच आवाज फुगला किंवा खचला, तर पिकअपची जागा वा घट्टपणा बदलण्याची गरज आहे.

मैफलीपूर्वी

ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याला वायर जोडण्यापूर्वी चॅनेल बंद करण्यास सांगावे. प्रथम प्रीअँपची पातळी ठरवावी, मग मिक्सरची. आवाज कर्कश वाटला तर २ ते ४ हजार हर्ट्‌झचा पट्टा थोडा उतरवावा. खालचा भाग भरमसाट वाढवू नये. शिट्टी आली तर ती बहुधा वाद्याच्या अनुनादांपैकीच एखाद्या जागी येते. तेवढी जागा ‘नॉच’ने उतरवावी किंवा ‘फेज’चे बटण उलटवून पाहावे. किंचित प्रतिध्वनी दिल्यास कोरडेपणा सुसह्य होतो, मात्र त्यात मींड विरघळता कामा नये. शक्य असल्यास समोर थोड्या अंतरावर एक ध्वनिक्षेपकही ठेवावा : मॉनिटरमध्ये पिकअप आणि श्रोत्यांसाठी दोन्हींचे मिश्रण, ही व्यवस्था अनेकदा सर्वांत समाधानकारक ठरते. शेवटी एखाद्या जाणकार मित्राला मागच्या रांगेत बसवून त्याचा कौल घ्यावा. रंगमंचावर जे ऐकू येते ते सभागृहात ऐकू येतेच असे नाही.

प्रीअँपची ९ व्होल्टची बॅटरी मैफलीपूर्वी नवी घालावी. अनेक यंत्रांत वायर खोचलेली असेतोवर बॅटरी खर्च होत राहते, म्हणून वाजवून झाल्यावर वायर काढावी. पिकअपही काढून, राळेची भुकटी मऊ कापडाने पुसून, वेगळ्या डबीत ठेवावा. काढताना वायरला धरून ओढू नये आणि घोडी किंचितही झुकली नाही, हे पाहूनच वाद्य पेटीत ठेवावे.

पिकअप वाद्याला नवा स्वर देत नाही. असलेला स्वर दूरवर नेणे एवढेच त्याचे काम. घरी रियाजाला बसताना तो काढून ठेवता येतो, हीच त्याची मोठी खूण. पिकअप उतरवल्यावर व्हायोलिन पूर्वीसारखेच बोलत असेल आणि लावल्यावर शेवटच्या रांगेतील श्रोत्याला मींड अखंड ऐकू येत असेल, तर निवड योग्य झाली असे समजावे.