गिरणीचा भोंगा आणि कायद्याचे कलम

कारखान्याच्या प्रवेशद्वारापाशी कामाच्या वेळा आणि कायद्यातील मुख्य तरतुदी यांचा फलक लावावा, असा दंडक १९४८ च्या कारखाना अधिनियमाने घातला. जाता-येता त्या फलकावर नजर टाकणारे थोडे, आणि थांबून वाचणारे त्याहून थोडे. परंतु त्यातील एकेका ओळीमागे केवढा वाद झालेला आहे हे कळले, म्हणजे त्या रूक्ष मजकुराकडे आपण निराळ्या दृष्टीने पाहू लागतो.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी मुंबईत कापसाच्या गिरणीचा पाया घातला. पुढील वीस वर्षांत गिरण्या वाढल्या. पण मजुराने किती तास राबावे हे सांगणारा कायदा नव्हता. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत काम, हाच प्रघात. १८७५ साली मुंबई सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, तेव्हा त्यातील बहुमताने कायद्याची आवश्यकता नाही असाच कौल दिला. लँकेशायरच्या गिरणीवाल्यांना मुंबईच्या मजुरांचा कळवळा एकाएकी कसा आला, असा येथील मालकांचा सवाल होता. आणि तो अगदीच निराधार नव्हता. तथापि परक्याचा हेतू स्वार्थी असला, म्हणून आपल्या घरचा अन्याय न्याय ठरत नाही. हे ओळखून सोराबजी शापूरजी बंगाली यांनी १८७८ मध्ये स्वतः एक विधेयक तयार केले. पण ते मांडण्याची परवानगी त्यांना मिळाली नाही.

अखेर १८८१ साली पहिला कारखाना कायदा झाला. सात वर्षांखालील मुलांना कामावर ठेवण्यास मनाई, सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तास काम व महिन्यास चार सुट्या, एवढेच त्याचे मुख्य सार. प्रौढ स्त्री-पुरुषांच्या तासांना मर्यादा नव्हती. शिवाय १०० माणसे नसलेला कारखाना कायद्याच्या कक्षेबाहेर. जन्मनोंदीची रीत नसलेल्या समाजात मुलाचे वय ठरवावे कसे, हा पेच प्रामाणिक मालकालाही पडे. अप्रामाणिकाला तीच पळवाट होई.

या उणिवांवर मजुरांच्या बाजूने बोट ठेवले ते नारायण मेघाजी लोखंडे यांनी. १८८४ साली त्यांनी सभा भरवून साडेपाच हजार मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे धाडला. त्यात आठवड्यास एक सुटी मागितली होती. १८९० च्या एप्रिलमध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार मजूर जमले, आणि १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली.

मग कायदा कशासाठी हवा, असे कोणी विचारील. त्याचे कारण व्यवहारातच आहे. सुटी देणाऱ्या मालकाला शेजारच्या न देणाऱ्या मालकाची धास्ती असते. स्वेच्छेने पाळलेला नियम मंदीच्या पहिल्या झुळकीसरशी उडून जातो. सर्वांना सारखा लागू झालेला नियम सज्जनाचे रक्षण करतो. १८९१ च्या कायद्याने साप्ताहिक सुटी बंधनकारक केली, स्त्रियांना अकरा तासांची मर्यादा घातली आणि माणसांची अट १०० वरून ५० वर आणली. पुरुषांना मात्र १९११ पर्यंत थांबावे लागले. तेव्हा कापड गिरण्यांत बारा तासांची मर्यादा आली. १९४८ च्या अधिनियमाने आठवड्याचे तास ४८ केले व यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांसाठी माणसांची अट १० ठेवली.

एक प्रश्न तरीही उरला : नियम मोडला तर जबाबदार कोण? व्यवस्थापकाचे नाव पुढे करून संचालकांनी मागे राहावे, हे वरचेवर घडे. १९८४ च्या भोपाळ दुर्घटनेनंतर, १९८७ च्या दुरुस्तीने कंपनीच्या बाबतीत संचालकांपैकीच एकाला भोगवटादार मानावे असे ठरविले, आणि १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने ते ग्राह्य धरले.

२०२० साली संसदेने संमत केलेल्या संहितेत यंत्रशक्तीच्या कारखान्यांसाठी १० ची मर्यादा २० करण्यात आली. लहान उद्योजकावरील नोंदवह्यांचा भार हलका व्हावा, हा त्यामागचा विचार. तो भार खरा आहे, हे शासनात काम करणारा माणूस तरी नाकारणार नाही. परंतु १०० वरून १० पर्यंत यायला ६७ वर्षे लागली होती, आणि या प्रत्येक आकड्याच्या पलीकडे कोणीतरी माणूस यंत्रापाशी उभा होता. आकडा कोणताही ठरो, त्या माणसाचा विसर पडू नये, एवढेच या इतिहासाचे मागणे आहे.