एसटीचा 'तोटा' आणि मोटारीची 'सवलत'

आजच्या भागाची ही लिखित आवृत्ती. बोललो तसंच बरंचसं ठेवलंय, फक्त मधले 'अॅक्चुअली' आणि 'बेसिकली' कापलेत.

विषय असा आहे. एसटी, पीएमपी किंवा बेस्टबद्दलची कुठलीही बातमी उघडा, पहिल्या दोन-चार ओळींत 'तोटा' हा शब्द सापडतोच. आता एखाद्या मोटार कारखान्याची बातमी उघडा. तिथे 'गुंतवणूक', 'प्रोत्साहन', 'सवलत' असे शब्द असतात. सरकारी तिजोरीचा हात दोन्हीकडे असतो. मग एकाचा तोटा आणि दुसऱ्याचं प्रोत्साहन कसं काय होतं? त्यासाठी जरा मागे जाऊ.

मारुती आणि मेट्रो

डिसेंबर १९७२. इंदिरा गांधींनी कलकत्त्यात भुयारी मेट्रोची पायाभरणी केली. देशातली पहिली मेट्रो. त्याच्या वर्षभर आधी, १९७१ मध्ये, दिल्लीजवळ गुडगावात संजय गांधींची मारुती लिमिटेड ही कंपनी स्थापन झाली होती. हरियाणा सरकारने तिला सुमारे ३०० एकर जमीन मिळवून दिली. पण गाडी काही बाजारात आली नाही आणि १९७७ मध्ये ती कंपनी दिवाळखोरीत निघाली.

खरी गोष्ट इथून पुढे आहे. १९८० मध्ये इंदिरा गांधी पुन्हा सत्तेवर आल्या. सरकारने बुडालेली मारुती ताब्यात घेतली, १९८१ मध्ये मारुती उद्योग ही सरकारी कंपनी काढली आणि ऑक्टोबर १९८२ मध्ये जपानच्या सुझुकीशी करार केला. ७४ टक्के भाग सरकारचा, २६ टक्के सुझुकीचा. इंधन कमी खाणाऱ्या गाड्यांसाठी करात सूट आली. १४ डिसेंबर १९८३ ला पहिली मारुती ८०० ग्राहकाच्या हातात होती. करारापासून जेमतेम १४ महिने!

कलकत्त्याच्या मेट्रोचं काय? पैसे तुकड्यातुकड्याने येत होते, वर्षानुवर्षं रस्ते खणलेले पडून होते. पहिली गाडी धावली २४ ऑक्टोबर १९८४ ला, एस्प्लनेड ते भवानीपूर, ३.४ किलोमीटर. दमदम ते टॉलीगंज हा पूर्ण मार्ग सुरू व्हायला १९९५ उजाडलं. म्हणजे पायाभरणीपासून २३ वर्षं.

आता कोणी म्हणेल, भुयार खणणं आणि गाडी जोडणं यांची तुलना करू नका. मान्य. भुयार अवघडच. पण सरकारच्या डोक्यात कशाची घाई होती, हे या तारखांवरून कळतं. शिवाय मारुतीत घातलेला पैसा वाया गेला असंही नाही. २००३ ते २००७ मध्ये सरकारने आपला हिस्सा विकला तेव्हा चांगली रक्कम मिळाली. सरकार मनावर घेतं तेव्हा उद्योग उभा राहतो, हे मारुतीने सिद्ध केलं. एवढंच मन बसवर कधी बसलं नाही, हा माझा मुद्दा आहे.

चार मीटरची पट्टी

फेब्रुवारी २००६ चा केंद्रीय अर्थसंकल्प. छोट्या मोटारींवरचा उत्पादन शुल्काचा दर २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आला. छोटी म्हणजे किती? लांबी चार मीटरपर्यंत, पेट्रोल इंजिन १२०० सीसीपर्यंत आणि डिझेल १५०० सीसीपर्यंत.

रस्त्यावर डिझायर बघितली की तिची डिकी कापल्यासारखी वाटते ना? त्याचं कारण ही पट्टी. २००८ मध्ये टाटांनी इंडिगो सीएस आणली, पुढे २०१२ मध्ये डिझायरही चार मीटरच्या आत बसवली गेली. कराच्या एका ओळीने देशभरातल्या गाड्यांचा आकार बदलला. सरकारी धोरण चालतं की नाही, अशी शंका असेल तर हे उदाहरण लक्षात ठेवा.

योगायोग बघा. त्याच २००६ च्या अर्थसंकल्पासोबत केंद्राने पहिल्यांदाच 'करसवलतींमुळे किती महसूल सोडला' याचं पत्रक मांडलं. तोवर असा हिशोब एका जागी मिळतच नव्हता. माझं काम सॉफ्टवेअरचं आहे. आमच्याकडे साधा अनुभव असतो: लॉगमध्ये जे नोंदलं जातं त्यावरच मीटिंगमध्ये चर्चा होते, बाकीचं जणू घडलंच नाही. दिलेलं अनुदान खर्चाच्या बाजूला दिसतं. न घेतलेला कर कुठेच दिसत नाही. आपल्या 'तोटा' आणि 'सवलत' या दोन शब्दांची मुळं इथे आहेत.

नॅनोचं कर्ज

आता २००८. टाटांची नॅनो पश्चिम बंगालमधल्या सिंगूरला बनणार होती. जमीन संपादनावरून मोठं आंदोलन झालं, ३ ऑक्टोबरला टाटांनी माघार घेतली आणि चारच दिवसांत गुजरातमधल्या साणंदची घोषणा झाली. ११०० एकर जमीन आणि सोबत एक कर्ज. त्या कर्जाची रचना नीट समजून घ्या.

कंपनी गाडी विकताना ग्राहकाकडून व्हॅट घेणार आणि सरकारकडे भरणार. सरकार तेवढीच रक्कम कंपनीला कर्ज म्हणून परत देणार. व्याज ०.१ टक्का, परतफेड २० वर्षांनी. कमाल मर्यादा ९,५७० कोटी रुपये, म्हणजे २,९०० कोटींच्या गुंतवणुकीच्या ३३० टक्के. एवढं सगळं कर्ज उचललं गेलं असं नाही, कारण ते विक्रीवर अवलंबून होतं. पण रचना बघा. १०० रुपयांवर वर्षाला व्याज १० पैसे. महागाई ६ टक्के धरली तर २० वर्षांनी परत येणाऱ्या १०० रुपयांची किंमत आजच्या ३१ रुपयांएवढी उरते. बाकीचे ६९ रुपये म्हणजे सबसिडीच. फक्त तिला सबसिडी म्हणत नाहीत.

पुढे काय झालं? कारखान्याची क्षमता वर्षाला अडीच लाख नॅनोंची. सगळ्यात चांगल्या वर्षातही ७५ हजारांच्या आसपास विकल्या गेल्या. काही वर्षांनी उत्पादन थांबलं. कारखाना मात्र चालू राहिला, तिथे टियागो आणि टिगोर बनू लागल्या, साणंदला उद्योगवस्ती उभी राहिली. त्यामुळे 'सगळं पाण्यात गेलं' असं म्हणणं खोटं ठरेल.

साणंदपासून जवळच अहमदाबादेत त्याच काळात दुसरं काम चाललं होतं. १४ ऑक्टोबर २००९ ला जनमार्ग ही बीआरटी सुरू झाली. बससाठी वेगळी मार्गिका, रस्त्याच्या मध्ये थांबे, आधी तिकीट मग बस. पुढच्याच वर्षी तिला शाश्वत वाहतुकीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार मिळाला. पैसे केंद्राच्या नागरी नूतनीकरण योजनेतून: मोठ्या शहरांसाठी केंद्राचे ३५ टक्के, राज्याचे १५ आणि महापालिकेचे ५०. म्हणजे कारखान्याच्या पाठीशी राज्याची तिजोरी उभी राहिली आणि बसचं निम्मं ओझं महापालिकेवर आलं.

आपल्याकडे

महाराष्ट्राची सामूहिक प्रोत्साहन योजना १९६४ पासून आहे. मूळ हेतू चांगला होता: उद्योग मुंबई-ठाणे-पुण्याच्या बाहेर, मागास भागांत जावेत. नंतर 'मेगा प्रोजेक्ट' नावाचा प्रकार आला. गुंतवणूक पुरेशी मोठी असेल तर खास पॅकेज, त्यात भरलेल्या व्हॅटशी जोडलेलं अनुदान. चाकणमधल्या काही मोठ्या वाहन प्रकल्पांना याच वाटेने सवलती मिळाल्या. चाकण कुठे आहे? पुण्याच्या दारात. मूळ हेतू काय होता आणि पैसा कुठे गेला, बघा.

आता एसटी. १ जून १९४८ ला पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली बस धावली, हे आपण शाळेत शिकलोय. पण हे शिकवत नाहीत की एसटीच्या भाड्यावर वर्षानुवर्षं साडेसतरा टक्के प्रवासी कर होता. गावाकडून कॉलेजला येणारी मुलगी, तालुक्याच्या दवाखान्यात जाणारे आजोबा, हे सगळे हा कर भरत होते. डिझेलवरचा कर एसटीने वेगळा भरायचा. म्हणजे एका खिडकीत कारखान्याला भरलेला कर परत मिळतोय आणि शेजारच्या खिडकीत एसटीचा प्रवासी कर भरतोय. एवढं करून वर्षाच्या शेवटी बातमी काय? 'एसटी तोट्यात.'

२०१७ मध्ये जीएसटी आला तेव्हाही गंमत झाली. चाळीस-पंचेचाळीस जणांच्या बसवर २८ टक्के आणि चार मीटरच्या आतल्या पेट्रोल गाडीवर २८ अधिक १ टक्का उपकर. मोठ्या गाड्यांवर उपकर बराच जास्त होता, हे खरं. पण बस आणि छोटी मोटार यांत फरक एका टक्क्याचा! सप्टेंबर २०२५ मध्ये दोन्ही १८ टक्क्यांवर आल्या. आता एका टक्क्याचाही फरक नाही.

हे आकडे कोरडे वाटत असतील तर २०२१-२२ चा एसटी संप आठवा. पाच महिन्यांहून जास्त काळ चालला. मागणी विलीनीकरणाची होती, म्हणजे आमचा पगार तिकिटाच्या गल्ल्यावर लटकवू नका, इतर सरकारी कर्मचाऱ्यांसारखा द्या. त्या महिन्यांत घरी गाडी असलेल्यांना फारसा फरक पडला नाही. ज्यांच्याकडे नव्हती त्यांनी वडापला जास्त पैसे मोजले, नाहीतर शाळा-कॉलेज बुडवलं.

मग काय करायचं?

नेहमीचा प्रतिवाद असा: मोटार उद्योग रोजगार देतो, कर भरतो. बरोबर. मी स्वतः पुण्यात राहतो, या उद्योगाशिवाय पिंपरी-चिंचवड आज जे आहे ते नसतं. पण बससुद्धा कारखान्यातच बनते. टाटा आणि अशोक लेलँड बसही बनवतात. शिवाय प्रत्येक बसमागे ड्रायव्हर, कंडक्टर आणि वर्कशॉपमधले मेकॅनिक यांच्या नोकऱ्या वर्षानुवर्षं चालतात. वाहन उद्योगाला मदतच करायची असेल, तर ती बसच्या ऑर्डरमधूनही करता येते.

माझं म्हणणं एवढंच आहे की दोघांना एकच फूटपट्टी लावा. एसटीचा तोटा छापता ना, मग त्याच पानावर कुठल्या प्रकल्पाला किती कर परत दिला, त्यातून किती नोकऱ्या आल्या, तेही छापा. नाहीतर महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास दिला की लगेच 'फुकट वाटप' म्हणून ओरड होते आणि ०.१ टक्क्याच्या कर्जाला 'विकास' म्हणतात.

पुढच्या वेळी कोणी म्हणालं, 'बस परवडत नाही,' तर त्यांना विचारा, कोणाला? आणि तुमच्या गावची एसटीची कुठली फेरी बंद झालीय, ते व्हॉइस नोट करून पाठवा. पुढच्या भागात त्यातल्या काही ऐकवू. भेटू!