लेगगार्ड

लेगगार्ड : मोटारसायकल उभ्या जागी किंवा चालण्याच्या वेगात आडवी झाल्यास इंजिन, टाकी आणि चालवणाऱ्याचा पाय वाचावा म्हणून गाडीच्या सांगाड्याला दोन्ही बाजूंनी बसवलेली पोलादी नळीची कमान. क्रॅशगार्ड, इंजिनगार्ड किंवा नुसते ‘गार्ड’ असेही म्हणतात. वेगातल्या अपघातात तिचा भरवसा धरू नये. हॅरी हर्ट यांच्या पुढाकाराने अमेरिकेत झालेला आणि 1981 मध्ये प्रसिद्ध झालेला मोटारसायकल अपघातांचा अभ्यास सांगतो, की गार्डमुळे घोट्याच्या व पावलाच्या जखमा कमी होतात, पण गुडघा, नडगी आणि मांडीच्या जखमा वाढून हिशेब बरोबरीत सुटतो. गार्डचे खरे काम गाडी सावकाश पडते तेव्हाचे आहे, आणि रायगडच्या किनाऱ्यावर जड गाड्या बहुतेक अशाच पडतात.

वजनाचा हिशेब आधी समजून घ्यावा. रॉयल एनफील्डची क्लासिक 350 सुमारे 195 किलोची, सुपर मीटिअर 650 ही 241 किलोची, बीएमडब्ल्यूची आर 1250 जीएस 249 किलोची. समजा गाडी 200 किलोची आहे, तिचा गुरुत्वमध्य जमिनीपासून 55 सेंटिमीटरवर आहे आणि हँडल एक मीटर उंचीवर आहे. ती 10 अंश कलली, तर हँडलाशी साधारण 19 किलोचा जोर लावून सावरता येते. 30 अंश कलली की हाच जोर 55 किलोवर जातो, तोही वाकलेल्या कमरेने आणि एका पायावर. मागे सामान बांधले असेल तर गुरुत्वमध्य वर सरकतो आणि आकडा आणखी वाढतो. या टप्प्यावर गाडी धरून ठेवण्याचा हट्ट करणाऱ्याची पाठ भरते, मनगट मुरगळते, नाहीतर पाय खाली सापडतो. गाडी सोडून बाजूला व्हावे. गार्ड बसवलेला असतो तो एवढ्यासाठीच.

या पट्ट्यात गाडी पडण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. पहिली म्हणजे फेरीबोटीचा धक्का. राजपुरीच्या खाडीवर आगरदांडा ते दिघी, सावित्रीच्या मुखाशी बागमांडला ते वेश्वी अशा फेरीबोटी चालतात. भाऊच्या धक्क्यावरून मांडव्याला येणारी रो-रो बोट मार्च 2020 मध्ये सुरू झाली. खाडीतल्या बोटींवर चढायचे तर सिमेंटच्या उतारावरून खाली जाऊन बोटीच्या लोखंडी फळीवर गाडी घालावी लागते. भरतीला हा उतार आखूड असतो. ओहोटीला तो लांबतो आणि एरवी पाण्याखाली असलेला शेवाळलेला भाग उघडा पडतो. त्यावर पुढचा ब्रेक दाबला आणि त्याच क्षणी हँडल वळलेले असले, तर पुढचे चाक निसटते आणि गाडी जागच्या जागी बसते. हँडल सरळ, गिअर पहिला, पाय मागच्या ब्रेकवर आणि पुढची गाडी पूर्ण आत गेल्याखेरीज आपली हलवायची नाही, असे केले की उतार निभतो. मागचे लोक हॉर्न वाजवतात म्हणून अर्ध्या उतारावर जाऊन थांबणे ही सर्वांत वाईट जागा, कारण तिथे टेकवलेला पायही घसरतो. बोटीवर गाडी सिंगल स्टँडवर, पहिल्या गिअरमध्ये, हँडल डावीकडे वळवून ठेवावी आणि तिच्याजवळच उभे राहावे. जंजिरा बघायला कठड्याशी गेलेल्यांच्या गाड्या बोट धक्क्याला टेकताना आडव्या होतात.

दुसरी जागा पुळणीलगतची. काशीदच्या सुरूच्या बनात किंवा मुरूडच्या किनाऱ्याकडेला जमीन घट्ट दिसते, पण खाली वाळू असते. स्टँडचा तळ दोन बोटांएवढा, त्यावर आलेला भार वाळूत हळूहळू उतरतो. गाडी लावताना काहीच कळत नाही. पाऊण तासाने ती डावीकडे निजलेली सापडते. उपाय फुकटचा आहे. चपटा दगड, चिऱ्याची ढलपी किंवा फळीचा तुकडा स्टँडखाली घालावा. स्टँडचा तळ रुंद करणारी पट्टीही बाजारात मिळते, आणि गार्डआधी ती घ्यावी असे या नोंदीचे मत आहे. प्रत्यक्ष पुळणीवर गाडी नेऊच नये: हरिहरेश्वर, दिवेआगरच्या किनाऱ्यांवर समुद्री कासवे अंडी घालतात आणि चाकाखाली घरटे दिसत नाही.

तिसरी जागा वाड्यांमधली. चौल, नागाव, आक्षीच्या अरुंद रस्त्यांना दोन्हीकडे गडगे असतात आणि पावसाळ्यात चिऱ्याच्या फरशीवर शेवाळ धरते. गाडी वळवताना एक पाय टेकतो, तोच सरकतो.

गार्ड निवडताना लोक चकाकी आणि रुंदी पाहतात. पाहायला हवे ते हे, की तो कुठे बसतो. गाडी आडवी होताना सगळा धक्का गार्डच्या बोल्टांवर येतो आणि तिथून पुढे जातो. वरचा टेकू सांगाड्याच्या पुढच्या नळीला आणि खालचा इंजिनाच्या पुढच्या माउंटिंगपाशी, असे प्रत्येक बाजूला दोन तरी आधार हवेत. एकाच पट्टीवर लोंबणारा रुंद गार्ड पहिल्या पडण्यात मुरडतो आणि तोच इंजिनाच्या कव्हरवर येऊन आदळतो. फार कडक गार्डही धोक्याचा, कारण धक्का स्वतः न गिळता तो सांगाड्याकडे पोचवतो. गार्ड वाकला तर त्याने आपले काम केले असे समजावे. नवा गार्ड काही हजारांत येतो, इंजिनाचे फुटलेले ॲल्युमिनियमचे कव्हर आणि सांडलेले ऑइल प्रवास तिथेच थांबवते. आर 1250 जीएससारख्या गाडीचे सिलिंडर दोन्ही बाजूंना बाहेर आलेले असतात, तिथे त्यांच्यावरचे आवरण हाच खरा गार्ड. डाव्या बाजूचा साडीगार्डही मागच्या अंगाचा थोडा मार खातो. मागच्या चाकाचा निम्मा भाग झाकणारे संरक्षण केंद्रीय मोटार वाहन नियम 1989 मधील नियम 123 ने बंधनकारक केले आहे. ते मागे बसणाऱ्याचे कपडे चाकात अडकू नयेत म्हणून, पण ‘ॲडव्हेंचर’ दिसावी म्हणून तो काढून टाकणारे दोन्ही फायदे गमावतात.

किनाऱ्यावर गार्डचा शत्रू खारा वारा. पावडर कोटिंगचा टवका उडाला की तिथून गंज आत शिरतो. नळी पोकळ असते आणि टोकाची रबरी टोपी गळून पडली तर पाणी आतच राहते. बाहेरून काळा कुळकुळीत दिसणारा गार्ड जोडाशी आतून कुजलेला असू शकतो. खालच्या बाजूला पाणी निघायला भोक हवे. 304 जातीच्या स्टेनलेसवरही समुद्रकाठी तपकिरी डाग येतात, 316 जास्त टिकते. ॲल्युमिनियममध्ये घट्ट केलेला स्टेनलेसचा बोल्ट खाऱ्या ओलीत धरून बसतो, म्हणून आटे ग्रीस लावूनच फिरवावेत. बोटीतून उतरल्यावर त्याच दिवशी गोड्या पाण्याने गाडी, विशेषतः खालचा भाग, धुवावी.

लिव्हर वाचवण्याची युक्ती जुनी आहे: क्लच आणि ब्रेकच्या लिव्हरचा क्लॅम्प इतकाच कसावा, की वापरताना हलू नये पण जोराचा मार बसला तर हँडलावर फिरावा. क्लचची एक लिव्हर आणि केबल सामानात असावी. मुरूडच्या पुढे प्रत्येक मॉडेलचा सुटा भाग लगेच मिळेल असे धरू नये.

गाडी पडल्यावर आधी इंजिन बंद करावे, कारण आडव्या इंजिनात ऑइल सगळीकडे पोचत नाही, आणि पेट्रोल गळते का ते पाहावे. उजवीकडे पडली असेल तर उचलण्याआधी सिंगल स्टँड बाहेर काढावा, म्हणजे ती पलीकडे जाणार नाही. गिअर घालावा. हँडल जमिनीच्या बाजूला पूर्ण वळवून सीटला पाठ लावावी, एका हाताने हँडल व दुसऱ्याने मागची पकड धरावी आणि गुडघ्यांच्या जोरावर लहान पावले टाकत मागे सरकावे. सायलेन्सरला हात लावू नये. उभी केल्यावर गिअरचा लिव्हर कव्हरला टेकला आहे का, हँडल व पुढचे चाक एका रेषेत आहेत का, गार्डच्या वेल्डिंगला चीर गेली आहे का, हे पाहूनच गाडी चालू करावी. वेल्डिंगला चीर दिसली, तर गार्ड सरळ करून पुन्हा बसवू नये, बदलावा.