ट्रॅव्हल ट्रेलरमधील वीजव्यवस्था

ट्रॅव्हल ट्रेलर म्हणजे मोटारीमागे जोडून ओढून न्यायचे, स्वतःचे इंजिन नसलेले फिरते घर. अमेरिका आणि कॅनडात त्याचा मोठा प्रसार आहे. १९३६ साली आलेल्या ‘एअरस्ट्रीम क्लिपर’मध्ये विजेचे दिवे होते, आजच्या ट्रेलरमध्ये फ्रिज, मायक्रोवेव्ह, वातानुकूलन यंत्र, पाण्याचा पंप असे सगळेच असते. ही उपकरणे एकाच विजेवर चालत नाहीत. ट्रेलरमध्ये दोन वेगळी जाळी असतात : बॅटरीची १२ व्होल्टची एकदिश (डीसी) वीज आणि बाहेरून येणारी १२० व्होल्टची प्रत्यावर्ती (एसी) वीज. कोणते उपकरण कोणत्या जाळ्यावर आहे हे एकदा ध्यानात आले की नवख्या माणसाचा निम्मा गोंधळ मिटतो.

छतावरचे दिवे, पाण्याचा पंप, गॅसवर चालणाऱ्या फर्नेसचा पंखा आणि गॅसगळती ओळखणारे यंत्र बॅटरीवर चालतात. वातानुकूलन यंत्र, मायक्रोवेव्ह आणि भिंतीवरचे सॉकेट १२० व्होल्टवर. बाहेरची वीज जोडलेली असताना ‘कन्व्हर्टर’ नावाची पेटी १२० व्होल्टचे १२ व्होल्ट करते, दिवे-पंप चालवते आणि बॅटरीही भरते. उलट दिशेचे काम, म्हणजे बॅटरीतून १२० व्होल्ट तयार करणे, ‘इन्व्हर्टर’ करतो. महाराष्ट्रात भारनियमनाच्या दिवसांपासून घरोघरी असलेल्या ‘इन्व्हर्टर’च्या एकाच पेटीत ही दोन्ही कामे होतात, म्हणून आपल्याकडच्या माणसाची इथे हमखास फसगत होते. साध्या ट्रेलरमध्ये फक्त कन्व्हर्टर असतो. रानात मुक्काम पडला की दिवे लागतात, नळाला पाणी येते, पण भिंतीवरच्या सॉकेटमध्ये काहीच नसते. भारतातून नेलेला २३० व्होल्टचा मिक्सर तर वीज जोडलेली असतानाही तिथे नीट फिरत नाही.

मुक्कामाच्या जागी प्रत्येक ट्रेलरसाठी विजेची एक ठेंगणी पेटी उभी असते, तिला पेडेस्टल म्हणतात. त्यावर बहुधा ३० आणि ५० ॲम्पियरचे सॉकेट असतात. दोन्हींत २० ॲम्पियरचाच फरक असेल असे आकड्यांवरून वाटते, पण ते खरे नाही. ३० ॲम्पियरच्या प्लगला तीन पिना असतात आणि एका फेजवर १२० व्होल्टने जास्तीत जास्त ३,६०० वॅट मिळतात. ५० ॲम्पियरच्या प्लगला चार पिना; त्यात दोन फेज, प्रत्येकी ५० ॲम्पियर. एकूण १२,००० वॅट, म्हणजे तिपटीहून जास्त.

लहान-मध्यम ट्रेलर ३० ॲम्पियरचे असतात आणि खरी काटकसर त्यांनाच करावी लागते. तासन्‌तास चालणारा भार ब्रेकरच्या क्षमतेच्या ८० टक्क्यांत, म्हणजे २४ ॲम्पियरच्या आत ठेवावा. छतावरचे वातानुकूलन यंत्र साधारण १३ ॲम्पियर घेते, पाणी तापवणारी विजेची कांडी १२, मायक्रोवेव्ह जवळपास १३, हेअर ड्रायरही तेवढेच. यंत्र चालू, पाणी तापतेय आणि कोणी मायक्रोवेव्हचे बटण दाबले, की थोड्या वेळात ‘खट्‌’ आवाज येतो आणि ट्रेलर गप्प होतो. उपाय सोपा आहे : पाणी गॅसवर तापवावे आणि या चार उपकरणांपैकी एका वेळी दोनच चालवावीत.

पेडेस्टलवर आंधळा विश्वास ठेवू नये. शेकडो ट्रेलरांनी वापरलेल्या सॉकेटची पकड ढिली होते, तिथे उष्णता साठते. प्लगची पितळी पात तपकिरी पडलेली आणि भोवतीचे प्लास्टिक वितळलेले दिसते. तासभर भार चालल्यावर प्लगला हात लावून पाहावा. तो चटका देत असेल तर जागा बदलून मागावी. जोडताना आणि काढताना आधी पेडेस्टलचा ब्रेकर बंद करायचा, हा नियम कधीच मोडू नये. उन्हाळ्याच्या दुपारी सगळीकडची यंत्रे एकदम चालू झाली की व्होल्टेज उतरते आणि कॉम्प्रेसर तापून जळू शकतो. १०४ व्होल्टच्या खाली किंवा १३२ च्या वर वीज तोडणारे संरक्षक साधन मधे बसवणे हा खर्च नव्हे, गरज आहे. अर्थिंग तुटलेले असेल तर त्याहून मोठा धोका असतो. ट्रेलर रबरी चाकांवर उभा असल्याने गळती झालेली वीज त्याच्या धातूच्या अंगातच राहते. ओल्या जमिनीवर अनवाणी उभे राहून दाराची मूठ धरणाऱ्याला झटका बसतो. घराच्या अंगणात ट्रेलरसाठी ३० ॲम्पियरचे सॉकेट बसवताना कपडे वाळवण्याच्या यंत्राचे समजून त्यात २४० व्होल्ट सोडल्याचे प्रकारही घडतात. त्यात ट्रेलरमधली उपकरणे क्षणात जळतात.

वीज जोडलेली नसते तेव्हा सगळी मदार बॅटरीवर. समजा, ८० ॲम्पियर-तासांची लेड-ॲसिड बॅटरी आहे. ती निम्म्याहून खाली उतरवली की तिचे आयुष्य झपाट्याने घटते. म्हणजे हाती उरले ४०. ॲरिझोनाच्या पठारावरच्या थंड रात्री फर्नेसचा पंखा चालताना ७ ॲम्पियर घेतो. तो दर तासात अर्धा तास चालला तर आठ तासांत २८. गॅससूचक आणि इतर किरकोळ खर्च तासाला १ धरला तर आणखी ८. झाले ३६. संध्याकाळी दिवे आणि पंप वापरले असतील तर पहाटेपर्यंत शिल्लक संपते. थंडीत बॅटरीची क्षमता घटते ते वेगळेच. गॅसची टाकी भरलेली असूनही माणसे पहाटे गारठून उठतात ती या पंख्यामुळे. विसावलेल्या बॅटरीचे व्होल्टेज १२.६ असेल तर ती भरलेली, १२.२ म्हणजे निम्मी. हे दोन आकडे पाठ असावेत.

लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी जवळजवळ तळापर्यंत वापरता येते आणि वजनाला हलकी असते. मात्र शून्य अंश सेल्सिअसखाली ती भरू नये, आणि जुना कन्व्हर्टर ती पूर्ण भरू शकत नाही. मोठ्या इन्व्हर्टरवर मायक्रोवेव्ह चालवला तर १२ व्होल्टच्या बाजूने १४० ॲम्पियरच्या आसपास ओढ लागते. दहा मिनिटांत २३ ॲम्पियर-तास खर्च. म्हणून त्याच्या तारा बोटाएवढ्या जाड लागतात. छतावर आडवे ठेवलेले १०० वॅटचे सौर पॅनल स्वच्छ उन्हाच्या दिवशी २५ ते ३० ॲम्पियर-तास देते. पण झाडाच्या एका फांदीची सावली पडली तरी उत्पादन कोसळते. गारव्यासाठी सावलीत थांबावे की विजेसाठी उन्हात, हा रोजचाच पेच. ओढणाऱ्या गाडीच्या सात पिनांच्या जोडणीतून थोडीच वीज येते. दिवसभर गाडी चालवूनही रिकामी बॅटरी भरेल असे धरून चालू नये. जनरेटर सगळे काम करतो, पण राष्ट्रीय उद्यानांच्या छावण्यांत त्याला ठरावीक तासांचीच मुभा असते, आणि खिडकीजवळ ठेवला तर त्याचा धूर जीवघेणा ठरतो.

बॅटरीचे आणखी एक काम दिसत नाही, म्हणून विसरले जाते. धावताना ट्रेलर गाडीपासून सुटला तर जोडणीची एक दोरी खटका ओढते आणि ट्रेलरचे विजेचे ब्रेक त्याच्याच बॅटरीवर लागतात. बॅटरी रिकामी असेल तर ब्रेक लागत नाहीत. हिवाळ्यात ट्रेलर उभा करून ठेवताना मुख्य खटका बंद केला तरी काही ट्रेलरांत गॅससूचक वीज घेतच राहतो. अशा वेळी बॅटरीची ऋण तार सोडवून ठेवावी. भरलेली लेड-ॲसिड बॅटरी कडाक्याच्या थंडीतही गोठत नाही, रिकामी मात्र शून्याखाली काही अंशांवरच गोठते आणि तिचे कवच फुटते.