बुराकची तसवीर : कशी पाहावी, काय समजावे?

शबे मेराज जवळ आली की वर्गात एक प्रश्न हमखास येतो, "सर, बुराक खरंच असा होता का?" मुलांनी घरातल्या कॅलेंडरवर किंवा मोबाईलवर तसवीर पाहिलेली असते. घोड्याचे अंग, पंख, स्त्रीचा चेहरा आणि डोक्यावर मुकुट. आम्ही मुलांना "नाही" एवढेच सांगून गप्प बसवत नाही. आधी काय लिहिले आहे आणि काय रंगवले आहे, हे वेगळे करायला सांगतो.

लिहिलेले काय? सूरह बनी इस्राईलच्या पहिल्या आयतीत रात्रीच्या प्रवासाचा उल्लेख आहे, पण त्यात बुराकचे नाव नाही. ते हदीसमध्ये येते. सहीह बुखारी आणि सहीह मुस्लिममधील वर्णनानुसार तो पांढरा प्राणी होता, गाढवापेक्षा मोठा आणि खेचरापेक्षा लहान. जिथवर नजर पोहोचेल तिथे त्याचे पाऊल पडे. नावाचा संबंध 'बर्क' म्हणजे विजेशी जोडतात. या वर्णनात मानवी चेहरा नाही, मुकुटही नाही.

रंगवलेले काय? चेहरा, दागिने, मोरपिसारा ही चित्रकारांची भर आहे. इराण आणि हिंदुस्थानच्या चित्रशाळांत ती रुळली. 17व्या शतकाच्या उत्तरार्धातले एक दख्खनी चित्र दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्यात बुराकचे अंग एकमेकांत गुंतलेल्या लहान लहान प्राण्यांनी भरले आहे. पाठीवर स्वार नाही. ही गोवळकोंड्याची कला मानतात. आपला हिंगोलीचा मुलूखही 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, म्हणजे हा वारसा काही परका नाही.

अर्थ काय? काही अभ्यासक यात सूफी विचार पाहतात, सारी सृष्टी एका देहात. फरीदुद्दीन अत्तार यांच्या 'मन्तिकुत्तैर'मध्ये पक्षी सीमुर्गच्या शोधात निघतात आणि शेवटी पोहोचलेल्या तीस पक्ष्यांना स्वतःचेच रूप दिसते. फारसीत 'सी मुर्ग' म्हणजे तीस पक्षी. दुसरे मत साधे आहे. अशी गुंफण हा चित्रकाराच्या हाताचा कस होता. हत्ती-उंटांचीही अशी चित्रे काढली जात.

जागाही पाहावी लागते. सिद्दींच्या जंजिरा किल्ल्याच्या दरवाजावर पंजांत हत्ती धरलेला वाघासारखा पशू कोरला आहे. तिथे अर्थ सत्तेचा, येणाऱ्याला दिलेला इशारा. तसाच पशू कागदावर आला तर अर्थ बदलतो.

म्हणून मुलांना तीन सवाल शिकवावेत : काय दिसते? मूळ ग्रंथात काय आहे? चित्र कुठे आणि कोणासाठी होते? असे केले की तसवीर फाडावी लागत नाही आणि तिला अकीदाही मानावे लागत नाही. कल्पना ती कल्पना, रिवायत ती रिवायत. हा फरक ज्या मुलाला कळला, तो मोबाईलवर आलेल्या प्रत्येक चित्रावर लगेच विश्वास ठेवणार नाही.